टीएमटी नॉर्मल होती, मग दादाला अटॅक आलाच कसा?

प्रश्न :

डॉक्टरताई नमस्कार, मी नौपाड्यात राहते, वय ४३. माझा दादा ४७ वर्षांचा, ऐरोलीला आयटी कंपनीत आहे, राहायला घोडबंदर रोडला. फेब्रुवारीत ऑफिसच्या चेकअपमधे त्याची टीएमटी (पट्ट्यावर पळवून हृदय तपासतात ती टेस्ट) निगेटिव्ह आली, ईसीजी नॉर्मल, कोलेस्टेरॉल १९८ म्हणजे दोनशेच्या आत. रिपोर्टचा फोटो सोबत पाठवतेय. ऑगस्टमधे आठवडाभर फ्लू झाला होता, त्यातून उठतोय तोच एका पहाटे छातीत दाबल्यासारखं होऊन दरदरून घाम फुटला. तो म्हणत होता अ‍ॅसिडिटी आहे, पण वहिनीने ऐकलं नाही, तसंच रिक्षात घालून हॉस्पिटलला नेलं. अटॅकच होता. अँजिओप्लास्टी करून एक स्टेंट टाकला, आता घरी आहे, बरा आहे.

डॉक्टर म्हणाले एलएडी नावाच्या हृदयाच्या मोठ्या नसेच्या सुरुवातीला गुठळी होऊन ती पूर्ण बंद झाली, पण तिथला मूळचा ब्लॉक निम्म्याहून कमीच असावा. दुसऱ्या एका नसेत ३० टक्के आहे, ते तसंच ठेवलंय. तेही आत्ताच स्टेंट टाकून मोकळं का होऊ नये? बाबासुद्धा ५२ व्या वर्षी हार्टनेच गेले, पण ते फार टेन्शन घ्यायचे. दादा तर रविवारी उपवनला चालायला जायचा, सिगरेट फक्त ऑफिसात चहाबरोबर दोन-तीन.

घरात वेगळंच चाललंय. आई उठताबसता वहिनीला बोलते की हिच्या तेलकट डब्यानेच माझ्या मुलाची नस चोंदली. वहिनी गप्प गप्प असते, परवा माझ्याजवळ खूप रडली. त्यात एका नातेवाइकांनी लसूण, आलं, लिंबू, मध आणि अ‍ॅपल सायडर व्हिनेगरचा रस सांगितलाय, त्याने ब्लॉकेज विरघळतात म्हणे. दादाचा एलडीएल, म्हणजे ते वाईट कोलेस्टेरॉल, आता ५८ आलाय, तर तो म्हणतो कोलेस्टेरॉलची ती स्टॅटिनची गोळी बंद करतो आणि हा रस चालू करतो. मी काय करू? आणि मी, दादाचा १७ वर्षांचा मुलगा, आम्ही टेस्ट करून घ्यायच्या का?

– एक धाकटी बहीण, ठाणे

उत्तर :

ताई, सगळ्यात आधी एकच गोष्ट सांगते, बाकीचं उद्या वाचलंत तरी चालेल. दादाची एकही गोळी बंद होता कामा नये, स्टॅटिन नाही आणि रक्तात गुठळी होऊ नये म्हणून दिलेल्या दोन गोळ्या तर नाहीच नाही. स्टेंट म्हणजे नसेत बसवलेली जाळी, तिच्यावर आतलं अस्तर नीट धरेपर्यंत तिथे परत गुठळी व्हायची भीती असते, म्हणून त्या दोन गोळ्या सहसा वर्षभर देतात आणि कुठली कधी थांबवायची हे फक्त त्याच्या कार्डिओलॉजिस्टने ठरवायचं. दात काढायचाय, पित्त झालंय, मेडिकलवाल्याकडे स्टॉक नाहीये, कारण काहीही असो, आधी डॉक्टरांना फोन करायचा. हे आज रात्रीच त्याला सांगा, माझं नाव सांगून सांगा.

आता तुमचा मूळ प्रश्न, फेब्रुवारीत सगळं नॉर्मल आणि ऑगस्टमधे अटॅक, हे कसं. आपल्या सगळ्यांच्या डोक्यात एक चित्र पक्कं बसलंय की नस म्हणजे पाइप, तेलातुपाचा थर आतून चिकटत जातो, पाइप हळूहळू चोंदतो आणि एक दिवस बंद पडतो. त्या चित्राप्रमाणे तुमची शंका अगदी बरोबर आहे, सहा महिन्यांत मोकळा पाइप बंद कसा होईल? पण हा आजार पाइपच्या पोकळीत सुरूच होत नाही, तो सुरू होतो भिंतीच्या जाडीत. गेल्या चाळीसपन्नास वर्षांत ह्या आजाराबद्दल जे काही कळलंय ना, त्यातली ही सगळ्यात मोठी गोष्ट आहे, आणि तुमच्या घरातल्या जवळपास प्रत्येक भांडणाचं उत्तर तिच्यात आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते.

नसेला आतून पेशींचं एकपदरी नाजूक अस्तर असतं. रक्तातले एलडीएलचे कण ह्या अस्तरातून भिंतीत ये-जा करत असतात, सगळ्यांच्याच, तुमच्या माझ्यासुद्धा. जिथे नस वळते किंवा तिला फाटा फुटतो तिथे रक्त सरळ न वाहता घुटमळतं, तिथलं अस्तर कच्चं पडतं, आणि आत शिरलेले काही कण भिंतीतल्या तंतूंना धरून तिथेच राहतात. एलएडी नसेची सुरुवात ही अशीच फाट्याची जागा आहे, त्यामुळे दादाचा ब्लॉक नेमका तिथे निघाला ह्याचं कुठल्याही हार्टच्या डॉक्टरला नवल वाटणार नाही. अडकलेले कण खराब होतात, मग त्यांची साफसफाई करायला पांढऱ्या पेशी भिंतीत शिरतात, त्या एलडीएल खाऊन खाऊन फुगतात आणि तिथेच मरतात. मेलेल्या पेशी आणि कोलेस्टेरॉल साठून एक मऊ गर तयार होतो, आणि नसेतल्या स्नायूंच्या पेशी पुढे येऊन त्याच्यावर तंतूंचा एक पापुद्रा धरतात. ह्या सगळ्याला मिळून प्लाक म्हणतात, ब्लॉक ब्लॉक म्हणतो तो हाच.

हा प्लाक वाढतो तेव्हा पहिली बरीच वर्षं नस आतून अरुंद होतच नाही, ती बाहेरच्या बाजूला फुगून त्याला जागा करून देते. शिकागोच्या सेमूर ग्लॅगोव यांनी १९८७ मधे मृत व्यक्तींच्या हृदयांच्या नसा तपासून हे दाखवलं, की प्लाकने नसेच्या जागेचा साधारण ४० टक्के भाग व्यापेपर्यंत रक्ताची वाट जवळजवळ पहिल्यासारखीच राहते. आणि टीएमटी काय बघते? तुम्ही पट्ट्यावर धावताना हृदयाला रक्त कमी पडतंय का एवढंच बघते. वाट सत्तर टक्के वगैरे अरुंद झाली असेल तर त्यात सापडायची शक्यता चांगली. दादाच्या नसेतून फेब्रुवारीत रक्त व्यवस्थित वाहत होतं, मशीनने खरं तेच सांगितलं. भिंतीत काय शिजतंय हे ती टेस्ट बघतच नाही. त्यामुळे टेस्ट खोटी होती, लॅबवाल्यांनी फसवलं, असं काही मनात आणू नका, फक्त टीएमटी निगेटिव्ह म्हणजे हृदय एकदम फर्स्ट क्लास असं जे आपण समजतो ना, ते चूक आहे.

मग अचानक काय झालं? त्या गरावरचा पापुद्रा फाटला. ज्या प्लाकचा पापुद्रा ६५ मायक्रॉनपेक्षा पातळ, म्हणजे जेमतेम केसाच्या जाडीएवढा, तो सगळ्यात धोक्याचा समजतात. पापुद्रा फाटला की आतला गर रक्ताला लागतो, रक्ताला वाटतं जखम झाली, आणि काही मिनिटांत तिथे गुठळी धरते. नस बंद. १९८८ मधे अमेरिकेतल्या डॉक्टरांनी अटॅक आलेल्या पेशंटांच्या जुन्या अँजिओग्राफी काढून बघितल्या, तर ज्या जागी अटॅक आला त्यातल्या बऱ्याच जागांवर आधी निम्म्याहून कमीच अडथळा होता. तुमच्या डॉक्टरांनी जे सांगितलं ते हेच. काही वेळा पापुद्रा फाटतही नाही, नुसतं वरचं अस्तर सोलवटतं आणि तेवढ्यावरून गुठळी होते, हा प्रकार बायकांमधे आणि सिगरेट ओढणाऱ्यांमधे जास्त दिसतो.

आणि तो फ्लू. तुम्ही पत्रात तो जाताजाता लिहिलाय, पण माझं लक्ष तिथेच गेलं. कॅनडातल्या ओंटारिओमधे टेस्टने पक्का झालेला फ्लू असलेल्या लोकांचा अभ्यास २०१८ मधे प्रसिद्ध झाला, त्यात फ्लूनंतरच्या पहिल्या सात दिवसांत हार्ट अटॅकचं प्रमाण त्याच लोकांच्या एरवीच्या दिवसांच्या सहापट होतं. अंगात कुठेही मोठी सूज, म्हणजे जंतूंशी लढताना शरीरात उठतो तो दाह, आली की भिंतीतल्या त्या पेशीसुद्धा खवळतात, पापुद्र्याचे तंतू खाणारी द्रव्यं सोडतात, वर रक्तही गुठळीकडे झुकतं. दादाच्या बाबतीत तेच झालं असं छातीठोक सांगता येणार नाही, पण तारखा बघता मला दाट शंका आहे. म्हणून फ्लूची लस, दरवर्षी, दादाला आणि आईलाही. अटॅक आलेल्यांना लस दिल्याने पुढचे मृत्यू कमी होतात हे २०२१ च्या मोठ्या ट्रायलमधे दिसलंय, तरी आपल्याकडे डिस्चार्जच्या कागदावर ही लस लिहिलेली क्वचितच दिसते ह्याचं मला खरंच वाईट वाटतं.

सुजेचा मुद्दा नवीन नाही, शंका खूप वर्षांची होती, पण पुरावा २०१७ मधे मिळाला. आधी अटॅक येऊन गेलेल्या दहा हजारांवर लोकांवर एका औषधाची ट्रायल झाली, त्या औषधाने कोलेस्टेरॉल काहीही कमी होत नाही, फक्त सुजेचा एक निरोप्या रेणू अडवला जातो, आणि तेवढ्यानेही पुढचे अटॅक, स्ट्रोक वगैरे साधारण १५ टक्क्यांनी कमी झाले. ते औषध भयंकर महाग आणि त्याने जंतुसंसर्ग वाढतात, म्हणून हृदयासाठी ते वापरात आलं नाही. पण संधिवाताच्या एका प्रकारासाठी, गाऊटसाठी, पिढ्यान्‌पिढ्या दिली जाणारी कोल्चिसिन नावाची स्वस्त गोळी अगदी कमी डोसमधे ह्या कामाला उपयोगी पडते असं पुढच्या ट्रायल्समधे दिसलं आणि २०२३ मधे अमेरिकेत तिला हृदयरोगासाठी मंजुरी मिळाली. हे मी दादाने दुकानातून घ्यावी म्हणून सांगत नाहीये, किडनीचा त्रास असेल किंवा काही ठरावीक औषधं चालू असतील तर ती धोक्याची आहे. पुढच्या भेटीत डॉक्टरांना विचारा, त्यांना योग्य वाटलं तर ते देतील.

आता फेब्रुवारीचा रिपोर्ट. फोटो मोठा करून बघितला. टोटल कोलेस्टेरॉल १९८, शेजारी काही खूण नाही, म्हणून सगळ्यांनी नॉर्मल म्हटलं आणि फाइल बंद केली. खाली बघा. एचडीएल, म्हणजे चांगलं कोलेस्टेरॉल, ३४, कमी आहे. ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली चरबी, २३०, जास्त. एलडीएल ११८, त्याच्यापुढे लॅबने 'जवळजवळ योग्य' असं छापलंय. आता १९८ मधून ३४ वजा करा, १६४ राहतात, त्याला नॉन-एचडीएल म्हणतात, म्हणजे भिंतीत शिरून अडकू शकणाऱ्या सगळ्या कणांमधलं मिळून कोलेस्टेरॉल. वडील ५२ व्या वर्षी गेलेल्या, सिगरेट ओढणाऱ्या माणसासाठी १६४ हा आकडा अजिबात नॉर्मल नाही. आणि दुसऱ्या पानावर एचबीए१सी, म्हणजे साधारण तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा, ६.१, डायबेटिसच्या उंबरठ्यावर. पोट सुटलेलं, एचडीएल कमी, ट्रायग्लिसराइड जास्त, साखर काठावर, हा आपल्या लोकांचा अगदी ठरलेला साचा आहे, ठाणे-बेलापूर रोडवरच्या ऑफिसांमधे दिवसाचे दहा-दहा तास बसणाऱ्या कितीतरी जणांचे रिपोर्ट असेच निघतील. दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला अटॅक इतरांपेक्षा पाच-सहा वर्षं आधी येतो हे ५२ देशांच्या इंटरहार्ट अभ्यासातूनही दिसलंय. टोटल दोनशेच्या आत म्हणजे सुटलो, ही समजूत माझ्या मते आपल्याकडच्या चेकअप पॅकेजांमधली सगळ्यात घातक समजूत आहे.

सिगरेटच्या आधी तुम्ही 'फक्त' लिहिलंय. दिवसाला एक सिगरेट ओढणाऱ्याचा हार्टचा वाढीव धोका हा वीस ओढणाऱ्याच्या वाढीव धोक्याच्या जवळपास निम्मा असतो, विसावा हिस्सा नाही. म्हणजे कमी करून उपयोग नाही, शून्यच लागेल. आणि रविवारचं उपवन चांगलंच आहे, फक्त ते आठवड्यातून एकदा पुरत नाही. कार्डिओलॉजिस्टने हिरवा कंदील दिला की रोज अर्धा तास.

आणि आता आई आणि वहिनी. मला ह्याच्यावर जास्त बोलायचंय, कारण दादाची नस आता डॉक्टर बघतायत, पण वहिनीकडे कोण बघतंय?

१९५३ मधे कोरियाच्या युद्धात मारल्या गेलेल्या ३०० अमेरिकन सैनिकांच्या शवविच्छेदनाचा एक अहवाल आला. सरासरी वय २२. त्यातल्या ७७ टक्के मुलांच्या हृदयाच्या नसांमधे ह्या आजाराच्या खुणा सापडल्या, कुणाच्या अगदी पुसट, कुणाच्या बऱ्यापैकी. बावीस वर्षांची धडधाकट पोरं हो ती. नंतरच्या अभ्यासांमधे तर शाळकरी वयातल्या मुलांच्या नसांतही चरबीच्या रेघा दिसल्या. म्हणजे दादाच्या त्या प्लाकची सुरुवात बहुतेक तो कॉलेजात असताना किंवा त्याच्याही आधी झाली असणार, वहिनीची आणि त्याची ओळखसुद्धा झाली नसेल तेव्हा. मग पहिला डबा कुणाच्या हातचा होता हे आईंना विचारायची वेळ येईल, आणि तसं अजिबात विचारू नका, कारण त्याही दोषी नाहीत. रक्तातलं बरंचसं कोलेस्टेरॉल आपलं लिव्हर स्वतः तयार करतं आणि रक्तातून ते किती उचलायचं हेही लिव्हरच ठरवतं. मायकल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टीन यांनी एलडीएल उचलणाऱ्या त्या रिसेप्टरचा शोध लावला, १९८५ चं नोबेल त्यांना त्यासाठीच मिळालं. कुणाचं लिव्हर किती उचलणार ह्याच्यात जन्मजात फरक असतो. २००६ मधे अमेरिकेत असे लोक सापडले की ज्यांच्या एका जनुकात बिघाड असल्यामुळे एलडीएल जन्मापासूनच सुमारे २८ टक्के कमी होतं, आणि त्यांना हृदयविकार तब्बल ८८ टक्के कमी झाला होता. थोडंसंच कमी, पण आयुष्यभर कमी, त्याचा केवढा फरक पडला बघा. आकडा किती आहे ह्याच्याइतकंच तो किती वर्षं तसा राहिलाय ह्याला महत्त्व आहे, गेल्या काही वर्षांत डॉक्टरांच्या विचारात झालेला मोठा बदल तो हाच.

तेल, तूप, डालडा ह्यांचा काहीच संबंध नाही असं मी म्हणत नाहीये. वनस्पती तूप, पुन्हा पुन्हा तापवलेलं तळणीचं तेल, बेकरीची खारी-बटर, ह्यांनी नुकसान होतंच. पण दादाच्या रिपोर्टमधले वाढलेले ट्रायग्लिसराइड बघता मला वहिनीच्या भाजीपेक्षा ऑफिसातला दिवसभराचा साखरेचा चहा, त्याबरोबरची बिस्किटं, मैदा, रात्री उशिराचं जेवण ह्यांच्याबद्दल जास्त शंका आहे.

आईंशी कसं बोलायचं? त्यांचा नवरा ५२ व्या वर्षी गेला आणि आता मुलगा थोडक्यात वाचला, त्या घाबरलेल्या आहेत, आणि कुणीतरी दोषी सापडलं की भीती जरा आटोक्यात येते. म्हणून त्यांच्याशी वाद घालू नका. पण गप्पही बसू नका. मला वाटतं हे तुम्ही बोलण्यापेक्षा दादाने बोलायला हवं, वहिनीच्या समोर, आईला शेजारी बसवून. काय बोलायचं तेही सांगते, "आई, हे मला बाबांकडून आलंय, आणि वर माझ्या सिगरेटचं आहे. मी अ‍ॅसिडिटी म्हणून झोपून राहणार होतो, हिने मला उठवून नेलं म्हणून मी आज तुझ्यासमोर बसलोय." त्यातला एक शब्दही वाढवून सांगितलेला नाही. नस बंद झाल्यावर हृदयाचा स्नायू दर मिनिटाला मरत असतो, वहिनीने दोन तास ईनो देऊन वाट बघितली असती तर आज इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, कसा आला असता विचार करा. तुमच्या दादाने ऑफिसात सिगरेट ओढली आणि बोलणी घरी बायकोने खाल्ली, हे त्याला कळतंय का? कळत नसेल तर बहीण म्हणून तुम्ही कळवा, जरा कडक शब्दांत सांगितलंत तरी माझी हरकत नाही. आणि वहिनीला सध्या एखाद्या दिवशी तलावपाळीवर फिरायला घेऊन जा हो, तिला हार्ट अटॅकचा विषय सोडून काहीतरी बोलायला मिळू दे.

तो रस. आता तुम्हीच सांगू शकाल दादाला. प्लाक भिंतीच्या आत, अस्तराच्या खाली, पापुद्र्याखाली बसलाय. पोटात गेलेलं व्हिनेगर तिथे पोचून त्याला विरघळवेल कसं? लसूण खा, लिंबू खा, जेवणात छानच लागतं, पण त्याने ब्लॉकेज जात नाही. मधाची साखर आहेच, आणि ६.१ वाल्याला तो रोज सकाळी कशाला पाजायचा? नातेवाइकांच्या मनात वाईट काही नाही हे मला कळतं, त्यांना दुखवू नका, पण गोळीच्या जागी रस हा सौदा जिवावरचा आहे.

आणि प्लाकवर खरोखर काम करणारी गोष्ट म्हणजे तीच गोळी जी तो बंद करायला निघालाय. ५८ आकडा गोळीमुळे आलाय, गोळी थांबवली की काही आठवड्यांत तो आपल्या जागी परत जाईल. रक्तातले कण कमी झाले की भिंतीत नवीन कण अडकायचे कमी होतात, आतला गर आटतो, पापुद्रा जाड होतो, काही जणांत प्लाक थोडा आक्रसतोसुद्धा, नसेच्या आतून केलेल्या सोनोग्राफीत हे मोजून दाखवलंय. ती ३० टक्केवाली जागा ह्याच गोळीच्या भरवशावर सोडलीय, विसरून राहिलेली नाहीये. तिथे रक्त व्यवस्थित जातंय, स्टेंट टाकून हातात काही पडणार नाही. अटॅक चालू असताना टाकलेला स्टेंट जीव वाचवतो, दादाचा वाचवला, पण स्थिर आजारात स्टेंट टाकून पुढचे अटॅक किंवा मृत्यू कमी होत नाहीत हे २००७ च्या करेज आणि नंतरच्या इस्किमिया ह्या मोठ्या ट्रायल्सनी दाखवलंय, इस्किमियात तर पाच हजारांवर पेशंट होते. छातीत दुखणं कमी होतं, तो फायदा खरा. पुढचा फाटणारा पापुद्रा तिसऱ्याच कुठल्यातरी जागी असू शकतो, आणि गोळी हृदयाच्या सगळ्या नसांमधे पोचते.

उलट मी म्हणेन की ५८ अजून जरा खाली हवाय. आपल्या कार्डिओलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाने २०२४ मधे दिलेल्या मार्गदर्शनात अटॅक येऊन गेलेल्यांसाठी ५५ च्या आत सांगितलंय, म्हणजे डॉक्टर कदाचित सोबत एझेटिमाइब ही कोलेस्टेरॉल कमी करणारी दुसरी गोळी देतील. स्टॅटिनने अंग दुखतं अशी दादाची तक्रार असेल तर डॉक्टरांना सांगा, डोस किंवा स्टॅटिनचा प्रकार बदलता येतो. लंडनच्या एका ट्रायलमधे त्रास होतो म्हणून स्टॅटिन सोडलेल्या लोकांना काही महिने स्टॅटिन, काही महिने साखरेची खोटी गोळी न सांगता दिली, तर स्टॅटिनवर जेवढा त्रास नोंदवला त्याच्या ९० टक्के खोट्या गोळीवरही नोंदवला होता. त्रास खराच होता, फक्त बहुतेक वेळा तो त्या औषधामुळे नव्हता. रक्तातली साखर स्टॅटिनने किंचित वाढू शकते, त्यामुळे दादाचा एचबीए१सी बघत राहायचा, तेवढ्यासाठी गोळी सोडायची नाही.

आता तुम्ही. बाबा ५२, भाऊ ४७, म्हणजे ५५ च्या आत घरातल्या दोन पुरुषांना, ह्याला फॅमिली हिस्ट्री म्हणतात आणि बाबा टेन्शन घ्यायचे म्हणून ती पुसली जात नाही. लिपिड प्रोफाइल, एचबीए१सी, बीपी आणि आयुष्यात एकदा करायची लायपोप्रोटीन ए ही टेस्ट करून घ्या. ही शेवटची चेकअपच्या पॅकेजमधे बहुतेक वेळा नसते, वेगळी मागावी लागते. हा एलडीएलसारखाच एक कण आहे, आपल्याकडे बऱ्याच जणांत जास्त सापडतो, आणि तो किती असणार हे जवळजवळ पूर्ण आईवडलांकडून ठरतं, पथ्याने व्यायामाने हलत नाही. ५० मिलिग्रॅमच्या वर आला तर बाकी सगळं, एलडीएल, बीपी, साखर, जास्त आवळून धरायचं एवढाच अर्थ. दादाचीही करा, त्याची जास्त आली तर तुमची असायची शक्यता बरीच वाढते. आणि एक, गरोदरपणात तुमचं बीपी किंवा साखर वाढली होती का, पाळी चाळिशीच्या आत गेलीय का, हे डॉक्टरांना आपणहून सांगा, बायकांच्या बाबतीत ह्या गोष्टी हार्टशी जोडलेल्या असतात आणि कुणी विचारत नाही. आकडे अधलेमधले आले आणि गोळी सुरू करावी की नाही असा प्रश्न पडला तर कॅल्शियम स्कोअरचा सीटी, म्हणजे हृदयाच्या नसांत साठलेलं कॅल्शियम मोजणारा स्कॅन, उपयोगी पडतो. उगाच भीतीपोटी अँजिओग्राफी मात्र नको.

भाच्याची फक्त लिपिड प्रोफाइल आणि जमलं तर ती लायपोप्रोटीन ए, बस. त्याला पट्ट्यावर पळवू नका, स्कॅन नको. एलडीएल खूपच जास्त आला, १६० च्या वर वगैरे, तर मात्र जन्मजात कोलेस्टेरॉलचा आजार नाही ना हे बालरोगतज्ज्ञांकडून बघून घ्यायचं. सतरा वर्षांच्या मुलाला ह्या वयात मिळण्यासारखी सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे सिगरेट आणि व्हेप कधीच सुरू न होणं, आणि ते त्याला त्याचे बाबा, म्हणजे दादा, स्वतः सोडून दाखवतील तेव्हाच पटेल.

दादाच्या फॉलोअपला तुम्ही सोबत जा. फेब्रुवारीचा रिपोर्ट, डिस्चार्ज कार्ड, चालू गोळ्यांची पाकिटं एका पिशवीत घाला आणि विचारा, एलडीएल ५५ च्या आत आणायला अजून काय, कोल्चिसिनचा विचार करायचा का, फ्लूची लस कधी, रोजचं चालणं कधीपासून, आणि कार्डिअ‍ॅक रिहॅब, म्हणजे अटॅकनंतर देखरेखीखाली व्यायाम करून घेतात ते केंद्र, जवळपास कुठे आहे. परत छातीत तसंच दाबल्यासारखं झालं तर रिक्षा नको, सरळ १०८ ला फोन. तुमची आणि दादाची लायपोप्रोटीन ए आली की आकडा लिहून पाठवा, शेजारी मिलिग्रॅम की नॅनोमोल काय छापलंय तेही लिहा, दोन्हीचं गणित वेगळं आहे.